मांडीतले बळ

घरातल्या वयस्कर माणसाच्या तब्येतीची चौकशी आपल्याकडे वजनापासून सुरू होते. वजन उतरले की ‘फारच खंगले हो’, चार किलो वाढले की ‘अंग धरलंय, बरं आहे’, आणि पोट सुटलेले दिसले की ‘आता भात बंद करा’. दवाखान्यातही पहिला मान वजनकाट्याचाच. पण साठी-सत्तरी ओलांडलेला माणूस पिशवी घेऊन मंडईत जाऊन येईल का, न्हाणीघरातून कुणाचा हात न धरता बाहेर पडेल का, दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरात चढून जाईल का, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर तो आकडा देत नाही. काटा चरबी आणि स्नायू एकाच भावाने तोलतो. शरीरात मात्र त्यांतले एक ओझे असते आणि दुसरे ते ओझे उचलणारे. म्हणून उतारवयात वजनाची काळजी नंतर करावी आणि पायांच्या ताकदीची आधी, असे मला ठामपणे वाटते. ज्या समाजात किडकिडीत म्हातारा ‘काटक’ म्हणून निर्धास्तपणे सोडून दिला जातो, तिथे तर हे आणखी निकडीचे आहे.

या म्हणण्याला सर्वांत भक्कम आधार अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने दिला आहे. ‘हेल्थ एबीसी’ या नावाने ओळखला जाणारा हा अभ्यास १९९७-९८ मध्ये पिट्सबर्ग आणि मेम्फिस या दोन शहरांत सुरू झाला. ७० ते ७९ वर्षांचे ३,०७५ स्त्री-पुरुष त्यात घेतले होते, गोरे आणि कृष्णवर्णीय दोन्ही. मुख्य अट अशी होती : सुरुवातीला प्रत्येकाला पाव मैल, म्हणजे साधारण ४०० मीटर, चालता आणि दहा पायऱ्या चढता विनात्रास आले पाहिजे. थोडक्यात, धडधाकट माणसे. मग त्यांच्या मांड्यांचे स्नायू, चरबी, गुडघा ताठ करण्याचा जोर आणि हाताची पकड हे सगळे मोजून वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. तीन वर्षांनंतरचा हिशेब २००६ साली प्रसिद्ध झाला. पायांतले स्नायू वर्षाला साधारण एक टक्क्याने घटत होते, पण पायांची ताकद त्याच्या जवळजवळ तिप्पट वेगाने उतरत होती. ज्यांच्या स्नायूंचे वजन टिकून होते किंवा वाढलेही होते, त्यांचीही ताकद घसरायची थांबली नव्हती. मांस अंगावर आहे पण त्यातले बळ निघून चालले आहे, अशी ही अवस्था आहे, आणि ती डोळ्यांना किंवा काट्याला दिसत नाही.

हे बळ जाते कुठे? एक वाट मज्जातंतूंची आहे. पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी स्नायूंना हुकूम देतात, त्या वयाबरोबर मरत जातात. त्यांच्या ताब्यातले काही स्नायूतंतू शेजारच्या पेशी सांभाळायला घेतात आणि ज्यांना कुणीच घेत नाही ते सुकतात. झटकन ताकद लावणारे जलद तंतू यात आधी जातात. म्हणून म्हाताऱ्या माणसाला हळूहळू ओझे उचलता येते, पण ठेच लागल्यावर पाय चटकन पुढे टाकून तोल सावरता येत नाही. दुसरी वाट चरबीची आहे आणि इथे आपली सगळी समजूत बदलावी लागते. सीटी स्कॅनमध्ये मांडीचा मधोमध घेतलेला आडवा छेद पाहिला तर मध्ये हाडाचे पांढरे कडे दिसते, भोवती स्नायूंचे करडे गठ्ठे आणि बाहेर कातडीखालच्या चरबीची काळसर कड. तरुण मांडीत करडा भाग घट्ट आणि एकसंध असतो. वय झालेल्या, बसून राहिलेल्या मांडीत त्या गठ्ठ्यांच्या फटींतून काळ्या रेषा शिरलेल्या दिसतात, खुद्द स्नायूचा रंगही काळपटतो. त्याच्या आतही चरबी मुरलेली असते. बाहेरून टेप लावला तर दोन्ही मांड्यांचा घेर सारखाच भरेल.

याच अभ्यासातल्या मंडळींपैकी पुढच्या अडीच वर्षांत कोणाला ४०० मीटर चालणे किंवा दहा पायऱ्या चढणे जड जाऊ लागले, याची छाननी झाली तेव्हा दोन गोष्टी निरनिराळ्या उभ्या राहिल्या : कमी ताकद आणि स्नायूंत शिरलेली चरबी. नुसते स्नायूंचे प्रमाण कमी असणे हे स्वतंत्र कारण उरले नाही. त्याचा जो काही परिणाम दिसत होता, तो ताकदीच्या मार्फतच होत होता. पाच वर्षांनंतरच्या मोजमापात तर आणखी एक अस्वस्थ करणारी गोष्ट निघाली. ज्यांचे वजन वाढले त्यांच्या मांडीच्या स्नायूंमधली चरबी वाढली होती, हे समजण्यासारखे आहे. पण ज्यांचे वजन कायम होते आणि ज्यांचे घटले होते, त्यांच्याही स्नायूंत ती वाढलीच होती. म्हणजे ‘वजन उतरलं, चरबी झडली’ हा आपला सोपा ताळा म्हातारपणी चुकू शकतो.

हा सगळा हिशेब प्रत्यक्षात उतरतो तो खुर्चीवरून उठताना. आधी पाय मागे ओढले जातात, धड पुढे झुकते, डोके गुडघ्यांच्या पुढे येते. मग बूड खुर्चीवरून सुटते, आणि तो क्षणच सगळ्यांत कठीण. त्या क्षणी वरच्या शरीराचा सगळा भार मांडीच्या पुढच्या आणि नितंबाच्या स्नायूंनी पेललेला असतो, गुडघे भरपूर वाकलेले असतात आणि कुठेच टेका नसतो. तरुण माणूस यात आपल्या ताकदीचा थोडाच वाटा खर्च करतो, म्हणून त्याला उठताना काही जाणवतच नाही. अशक्त वृद्धाला मात्र बुटक्या खुर्चीवरून उठताना हाताशी असलेले जवळजवळ सगळे बळ लावावे लागते. आता याच माणसाच्या पोटावर दहा किलो चरबी ठेवा. उचलणारा तोच, ओझे वाढले. किंवा ओझे तेवढेच ठेवून मांडीतले बळ थोडे काढून घ्या. परिणाम एकच. तो आधी खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकतो, मग दोन झोके घेऊन उठतो, मग ‘जरा हात दे रे’ म्हणतो. त्यानंतर तो कमी वेळा उठू लागतो. घसरण इथून खरी सुरू होते, कारण उठणे कमी झाले की उठण्याचे बळही कमी होते. एवढ्यावर चरबीचे काम संपत नाही. पोटातली चरबी शरीरात सौम्य पण सततची दाहकता निर्माण करणारी रसायने सोडते, इन्सुलिनला स्नायू दाद देईनासे होतात, आणि स्नायू बांधण्याचे काम मंदावते. ओझेच उचलणाऱ्याला आतून पोखरते.

इथे एक आक्षेप रास्त आहे. जगभरच्या कितीतरी अभ्यासांत असे दिसले आहे की उतारवयात किंचित जाड असलेली माणसे सडसडीत माणसांपेक्षा कमी मरतात. पडल्यावर खुब्याचे हाडही जरा अंगाने भरलेल्यांचे कमी मोडते. मग चरबीला इतके बोल का लावायचे? याची दोन उत्तरे आहेत. पहिले, म्हातारपणी वजन उतरण्यामागे बऱ्याचदा आजार असतो. कर्करोग, क्षय, हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार माणसाला आधी रोड करतो आणि मग नेतो. त्यामुळे बारीक माणसांच्या गटात आजारी माणसे जास्त सापडतात. दुसरे उत्तर मला जास्त महत्त्वाचे वाटते. जगणे आणि हिंडते-फिरते जगणे ही दोन मापे आहेत. अमेरिकेतल्याच वृद्धांच्या हृदयविकारांवरील एका दीर्घ अभ्यासातून १९९८ साली निष्कर्ष निघाला की पुढे येणाऱ्या अपंगत्वाचे भाकीत शरीरातल्या जास्त चरबीवरून करता येते, चरबी वगळून उरलेल्या वजनावरून ते येत नाही. चरबी माणसाला मरू देत नसेल, पण चालूही देत नाही, असे होऊ शकते. आक्षेपातली खरी गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे : म्हाताऱ्या माणसाला नुसते ‘वजन कमी करा’ सांगणे धोक्याचे आहे. माझाही मुद्दा तोच आहे.

आपल्या देशात या प्रश्नाला एक खास वळण आहे आणि ते दाखवून देणारे काम पुण्यात झाले. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही अगदी सारखा : २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्याच्या आणि कोष्टकाच्या दृष्टीने दोघे जुळे भाऊ, आतून मात्र कितीतरी वेगळे. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बाळंतपणांचा पाठपुरावा केला. त्यात दिसले की इथली बाळे ब्रिटिश बाळांपेक्षा बरीच हलकी, सरासरी सुमारे २.७ किलोची जन्मतात. त्यांच्या अंगावर स्नायू कमी असतात, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून असते. हे संशोधन झाले मधुमेहाच्या शोधात. पण त्याचा वार्धक्याशी सांधा जोडायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. ज्याची स्नायूंची पुंजी जन्मापासूनच बेताची, तारुण्यातही ती फारशी वाढलेली नाही, त्याची सत्तरीतली झीज कमी उंचीवरून सुरू होते. धोतरातून किंवा नऊवारीतून दिसणाऱ्या काटकुळ्या पोटऱ्या आणि वर टम्म फुगलेले पोट हे आपल्याकडच्या म्हातारपणाचे इतके सवयीचे रूप आहे, की त्यात काही बिघाड आहे असे कुणाच्या मनातही येत नाही.

मग काय मोजायचे? २०१९ मध्ये आशियाई तज्ज्ञांच्या गटाने स्नायूक्षयासाठी, ज्याला वैद्यकीय भाषेत सार्कोपेनिया म्हणतात, आशियाई लोकांना साजेशी मापे ठरवली. हाताची पकड पुरुषांत २८ किलोच्या आणि स्त्रियांत १८ किलोच्या खाली गेली तर ताकद कमी समजायची. पकड मोजायला छोटे उपकरण लागते. पण दुसरी चाचणी कुठल्याही घरात होते. हातांची छातीवर घडी घालून, कुठेही न टेकता, साध्या खुर्चीवरून पाचदा उभे राहायचे आणि बसायचे. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला, तर लक्ष घालायची वेळ झाली. गुडघ्यांची झीज झालेल्यांना दुखण्यामुळेही वेळ लागतो, तेव्हा हा निकाल नव्हे, इशारा आहे. पकडीचे महत्त्व मात्र आता वादातीत आहे. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या ‘प्युअर’ या अभ्यासात २०१५ साली दिसले की पकड दर पाच किलोंनी कमी असली तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त होता, आणि हे भाकीत करण्यात पकड वरच्या रक्तदाबापेक्षाही सरस ठरली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली, तेव्हा तिच्या माणसांनी घरोघर जाऊन पकडही मोजली. पाहणीसाठी जे शक्य झाले ते रोजच्या बाह्यरुग्ण विभागात का होऊ नये? जिथे रक्तदाबाचा पट्टा आहे तिथे पाठीला टेका असलेली एक खुर्ची आणि घड्याळ असतेच.

‘या वयात आता काय ताकद येणार?’ हा दुसरा आक्षेप, आणि तो बहुतेक वेळा प्रेमापोटी येतो. त्याचे उत्तर बॉस्टनमधल्या एका शुश्रूषागृहाने १९९० सालीच दिले आहे. मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दहा अशक्त रहिवाशांना, सरासरी वय ९० वर्षे, आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा चांगला जड व्यायाम दिला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीच्या स्नायूंचे क्षेत्रफळ वाढले फक्त ९ टक्के. या दोन आकड्यांतले अंतर नीट पाहावे : स्नायू थोडेच वाढले, पण मज्जातंतू त्यांना पुन्हा हाक मारायला शिकले. १९९४ मध्ये याच गटाने शंभर जणांवर दहा आठवड्यांचा प्रयोग केला. त्यात व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली, जिना चढण्याचा जोर २८ टक्क्यांनी वाढला; आणि व्यायामाशिवाय नुसते पौष्टिक पेय घेणाऱ्यांना काहीच फायदा झाला नाही. वृद्धांसाठी महागड्या प्रोटीन पावडरीचे डबे आणणाऱ्या मुलामुलींनी हे शेवटचे वाक्य अवश्य लक्षात घ्यावे.

‘मी रोज फिरायला जातो’ हा तिसरा आक्षेप आपल्याकडे प्रत्येक बागेत ऐकू येतो. फिरणे उत्तमच. ते सोडू नये. पण ते पुरे नाही, याचा पुरावा लठ्ठ आणि काहीशा अशक्त वृद्धांवर डेनिस विलारियल यांनी केलेल्या दोन प्रयोगांत आहे. २०११ च्या प्रयोगात पासष्टीच्या पुढच्या १०७ जणांना वर्षभर चार गटांत विभागले. नुसता आहार कमी करणाऱ्यांची शारीरिक क्षमता १२ टक्के सुधारली, नुसता व्यायाम करणाऱ्यांची १५ टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांची २१ टक्के. नुसत्या आहाराने वजन दहा टक्के उतरले खरे, पण त्याबरोबर चरबीविरहित वजनही पाच टक्के गेले आणि हाडेही विरळ झाली. व्यायामाची जोड मिळाली तिथे हे नुकसान कमी होते. २०१७ च्या दुसऱ्या प्रयोगात व्यायाम करणाऱ्या सगळ्यांचेच वजन उतरवत व्यायामाचे प्रकार तपासले : दम वाढवणारा आणि ताकद वाढवणारा हे दोन्ही एकट्याने १४ टक्के फायदा देऊन गेले, एकत्र केल्यावर २१ टक्के. म्हणजे चालणाऱ्याने आठवड्यातून दोन-तीनदा मांड्यांनाही कामाला लावायला हवे. खुर्चीवरून न टेकता उठबस, जिन्याची एकच पायरी चढ-उतार, भिंतीला हात लावून टाचा उचलणे, पाण्याची बाटली किंवा वाळूची पिशवी पायाला बांधून गुडघा ताठ करणे. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत, नाहीतर तो केवळ हातपाय हलवणे होते. हृदयविकार किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. गुडघेदुखी हे मात्र टाळण्याचे कारण नाही. मांडीचा पुढचा स्नायू भक्कम झाला की गुडघ्याला आधारच मिळतो.

खाण्याबद्दल एवढेच सांगेन की आपल्या वृद्धांच्या ताटात चरबीच्या अतिरेकापेक्षा प्रथिनांचा तुटवडा ही मोठी अडचण आहे. वृद्धांसाठी तज्ज्ञ किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. वाटीभर वरणात ती पाच-सात ग्रॅमच असतात, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधातही तेवढीच. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वरणभात आणि रात्री दात नाहीत म्हणून दूध-पोळी कुस्करून, असा ज्यांचा दिवस जातो त्यांची बेरीज निम्म्यावरही पोचत नाही. स्वतःपुरते शिजवायचा कंटाळा करणाऱ्या एकट्या आज्यांची तर नाहीच नाही. त्यांना ‘वजन वाढलंय, जेवण कमी करा’ सांगणारा माणूस त्यांच्या मांडीतले उरलेसुरले काढून घेत असतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांचा हिशेब वेगळा. तो त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावा. वजन उतरवणारी नवी इंजेक्शने २०२५ मध्ये आपल्या बाजारात आली आहेत. त्यांनी उतरणाऱ्या वजनातही चरबीबरोबर स्नायूंचा वाटा असतो. तरुणाला तो कदाचित परवडेल. सत्तरीतल्या माणसाला ती देताना ताकदीचा व्यायाम चिठ्ठीवर सोबतच लिहिला गेला पाहिजे.

सगळ्यांत मोठी संधी आणि सगळ्यांत मोठा धोका मात्र आजारपणात असतो. २००७ साली अमेरिकेत एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणावर पडून राहायला सांगितले. त्यांना काही झालेले नव्हते, जेवण व्यवस्थित होते. तरीही त्या दहा दिवसांत त्यांच्या पायांतून जवळपास एक किलो चरबीविरहित वजन गेले. डेंगी, न्यूमोनिया किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आलेल्या, ताप आणि भूक दोन्ही सोसलेल्या माणसाचे किती जात असेल, याचा अंदाज यावरून करावा. पुढे घरची माणसे मायेने तूप-शिरा घालून वजन परत आणतात आणि ‘अंग धरलं’ म्हणून समाधान मानतात. हेल्थ एबीसीच्या अभ्यासात दिसले होते की वृद्ध पुरुषांचे वजन उतरताना जितके स्नायू जातात, तितके ते परत वाढताना येत नाहीत. वाढीव किलोंत चरबीचा भाग जास्त असतो. म्हणून रुग्णालयातून घरी नेताना गोळ्यांच्या वेळांबरोबर आणखी चार गोष्टी विचारून घ्याव्यात : आजपासून दिवसातून किती वेळा उठवून बसवायचे आणि चालवायचे, न टेकता खुर्चीवरून उठणे कधी सुरू करायचे, फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून किती दिवस येणार, आणि अंडी, डाळ, दूध, पनीर यांतले काय किती द्यायचे. आणि महिन्याभराने पुन्हा दाखवायला नेल्यावर काट्यावर उभे करण्याआधी डॉक्टरांसमोर पाच उठबशांना किती सेकंद लागतात, ते मोजून घ्यावे.